हॉप्सचा चहा करून हॉप्सची चव ओळखायला शिकता येते का?

बीव्हर्टनकर:

नमस्कार. मी ओरेगॉनमध्ये पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टन गावी राहतो आणि गेले दीड वर्ष घरी बीअर करतो. आतापर्यंत पाच गॅलनचे, म्हणजे साधारण १९ लिटरचे, आठ घाणे झाले. ते सगळे दुकानातून आणलेल्या तयार संचांचे होते. कोणते हॉप्स, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणारे एका वेलीचे फुलोरे, केव्हा घालायचे ते संचाबरोबरच्या कागदावर छापलेले असते आणि मी ते मुकाट्याने पाळत आलो. आता स्वतःची पाककृती लिहावी असे मनात आहे. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की कॅस्केड आणि सित्रा या हॉप्सच्या दोन जातींच्या वासात नेमका काय फरक आहे, हे मला पाकिटावरचे वर्णन न वाचता सांगता येत नाही. एकेका जातीची वेगळी बीअर करून शिकायचे म्हटले, तर एका जातीला पाच-सहा आठवडे लागतात.

दुकानातल्या एका अनुभवी गृहस्थांनी सुचवले की हॉप्सचा चहा करून पाहा. त्याप्रमाणे मागच्या रविवारी फ्रीझरमध्ये असलेल्या पाच जाती काढल्या: कॅस्केड, सित्रा, साझ, ईस्ट केंट गोल्डिंग्ज आणि मॅग्नम. प्रत्येकीच्या, फुलोरे दाबून केलेल्या, पाच-पाच ग्रॅम गोळ्या साधारण २०० मिलिलिटरच्या कपात टाकल्या, वरून उकळते पाणी ओतले, वीस मिनिटे ठेवले आणि चहाच्या गाळणीने गाळून प्यायलो. पहिल्या कपात थोडा लिंबाच्या सालीचा वास आल्यासारखे वाटले; दुसऱ्या कपापासून मात्र जिभेवर निव्वळ कडू आणि तुरट असा थर बसला, आणि पाचव्या कपापर्यंत सगळे कप लहानपणी तापात प्यालेल्या काढ्यासारखे एकच लागू लागले. उरलेला हिरवा गाळ परसातल्या झाडांना घातला आणि प्रयोग तिथेच थांबवला.

माझे प्रश्न असे आहेत. ही पद्धतच निरुपयोगी आहे, की माझ्या करण्यात चूक झाली? हॉप्स किती घ्यावेत, पाणी किती गरम असावे आणि किती वेळ ठेवावे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चहात जे जाणवते ते पुढे बीअरमध्ये तसेच येते का?


पगेट_साउंड:

पद्धत चांगली आहे. चूक प्रमाणात आणि तापमानात झाली आहे, आणि ती पहिल्या वेळी बहुतेकांच्या हातून होते. माझ्याही हातून झाली होती.

आधी प्रमाण पाहा. २०० मिलिलिटरला पाच ग्रॅम म्हणजे लिटरला २५ ग्रॅम. तुमच्या १९ लिटरच्या घाण्याला हेच प्रमाण लावले तर ४७५ ग्रॅम हॉप्स होतात, म्हणजे एक पौंडाहूनही अधिक. कोणत्याही नेहमीच्या पेल एलमध्ये, म्हणजे फिकट रंगाच्या बीअरमध्ये, आपण इतके हॉप्स कधी घालणार नाही. पाच जातींची तुलना करायची तर प्रत्येक कप हलका हवा. मी २५० मिलिलिटर पाण्याला एक ग्रॅम घेतो. हे लिटरला चार ग्रॅम झाले आणि सुगंधासाठी बीअरमध्ये कोरडे हॉप्स घालतो त्या प्रमाणाच्या ते जवळ जाते. एक ग्रॅम मोजायला स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, कारण त्याला एक आणि दीड ग्रॅम यांतला फरक कळत नाही. सोने तोलायचा असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्यावा.

आता तापमानाविषयी सविस्तर लिहितो, कारण खरी मेख तिथेच आहे. हॉप्सच्या फुलोऱ्यात पाकळ्यांच्या बुडाशी पिवळे बारीक कण असतात, त्यांना लुप्युलिन म्हणतात. त्या कणांत दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र नांदतात: राळेतली अल्फा आम्ले, जी कडवटपणाचे मूळ आहेत, आणि उडून जाणारी सुगंधी तेले, जी वासाचे मूळ आहेत. अल्फा आम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि त्या रूपात ती विशेष कडूही नसतात. ती उकळत राहिली की त्यांची रचना बदलते, त्यांची आयसो-अल्फा आम्ले होतात आणि मग ती विरघळतात व कडू लागतात. म्हणून बीअर करताना कडवटपणासाठीचे हॉप्स तासभर उकळतात आणि वासासाठीचे हॉप्स उकळी संपताना किंवा अगदी शेवटी घालतात. तुम्ही उकळते पाणी ओतून वीस मिनिटे ठेवलेत, त्यामुळे दोन्हींचे अर्धेमुर्धे झाले: कडवटपणा थोडा सुटला, पाल्यातला तुरटपणा भरपूर सुटला, आणि कप उघडा राहिला असेल तर वासाचा मोठा भाग वाफेबरोबर गेला.

त्यामुळे माझा आग्रह असा की पाच जातींचा एकेक कप करण्याआधी एकाच जातीचे तीन कप करा. कॅस्केड घ्या. पहिला कप थंड: एक ग्रॅम गोळ्या २५० मिलिलिटर थंड पाण्यात, झाकणाच्या बरणीत, रात्रभर फ्रिजमध्ये. दुसरा कप कोमट आणि गरम यांच्या मधला: पाणी ७० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू द्या, मग गोळ्या घाला, वर बशी ठेवून झाका आणि पाच मिनिटांनी गाळा. तिसरा कप उकळीचा: छोट्या पातेल्यात मंद आचेवर वीस मिनिटे उकळा आणि आटलेले पाणी पुन्हा भरून घ्या. तिन्ही सामान्य तापमानाला आले की शेजारी ठेवून आधी फक्त वास घ्या. थंड कपात ताज्या पाल्याचा हिरवा वास पुढे येतो, मधल्या कपात पपनसाच्या सालीचा आणि फुलांचा वास सगळ्यात स्वच्छ कळतो, तिसऱ्यात वास जवळजवळ गेलेला असतो आणि जीभ कडू होते. हे तीन कप एकदा समोर ठेवून प्यायले की हॉप्स केव्हा घालायचे याचे वेळापत्रक कागदावर पाठ करावे लागत नाही. माझ्या मते चहाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे; जातींची ओळख हा त्यानंतरचा.

गाळण्याकडेही लक्ष द्या. गोळ्या पाण्यात पडल्या की विरघळल्यासारख्या फुटतात आणि त्यांचा बारीक हिरवा चिखल होतो. चहाच्या गाळणीतून तो कपात उतरतो आणि घशाला खरखर लागते. ती खरखर कडवटपणा समजून आपण फसतो. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेल्या कॉफीच्या भांड्यात, करून वर कॉफीच्या कागदातून एकदा गाळले की पाणी फिकट पोपटी आणि नितळ मिळते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. नळाच्या पाण्याचा सामू (pH) सात-आठच्या आसपास असतो, तर माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड पाण्याचा, म्हणजे वर्टचा, सव्वापाचच्या आसपास आणि तयार बीअरचा साडेचारच्या आतबाहेर. सामू जास्त असलेल्या पाण्यात हॉप्सचा राठ, तुरट भाग अधिक उतरतो. म्हणून पाण्यात लिंबूसत्त्वाची बारीक चिमूट घालून सामू पाचच्या जवळ आणावा. कागदी पट्टीने तपासता येतो. लिंबाचा रस मात्र पिळू नये, कारण त्याचा स्वतःचा वास हॉप्सच्या वासात मिसळतो आणि मग प्रत्येक जात लिंबासारखी वाटू लागते.

वासाविषयी शेवटचे. सप्टेंबरच्या सुरुवातीला सिॲटलहून यकिमा खोऱ्यात एकदा अवश्य जाऊन या; कॅस्केड पर्वत ओलांडला की अडीच तासांत हिरव्या वेलींच्या भिंती सुरू होतात. अमेरिकेतल्या हॉप्सचा मोठा हिस्सा त्या खोऱ्यातून येतो. तिथे एका शेतकऱ्याने आम्हाला फुलोरा उभा चिरून दाखवला, पिवळे कण दाखवले आणि मग मूठभर फुलोरे तळहातांत घालून जोरात चोळायला सांगितले. पहिल्या चोळण्याला गवताचा वास आला. तळहात गरम झाल्यावर दुसऱ्या चोळण्याला संत्र्याची साल सोलल्यासारखा भपका आला आणि बोटे राळेने चिकट झाली. ती साध्या साबणाने निघेनात. विकत घेणारे लोक माल निवडताना हेच करतात. घरी खलबत्त्यात दोन-तीन गोळ्या ठेचून, तळहातावर घेऊन चोळल्या तरी बरेच कळते. चहा करण्याच्या आधी रोज एवढे करत जा.


धुळ्याची_लेक:

वरचे उत्तर इतके सविस्तर आहे की पद्धतीविषयी मला भर घालायची नाही. मला शब्दांविषयी लिहायचे आहे, कारण पहिली दोन वर्षे माझे अडले ते तिथे.

पाकिटावर पाइन, ग्रेपफ्रूट, गूजबेरी, ब्लॅककरंट असे लिहिलेले असते. मी ब्लॅककरंट वयाच्या तिसाव्या वर्षी इंग्लंडमध्ये पहिल्यांदा खाल्ले. त्याचा वास माझ्या स्मरणात खोलवर नाहीच, तर तो मला कपात सापडणार कसा? नाक जे आठवते तेच ओळखते. म्हणून मी पाकिटावरचे वर्णन झाकून ठेवते आणि चहा करते त्या दिवशी ओट्यावर छोट्या वाट्या मांडते: भरडलेले धने, ठेचलेले काळे मिरे, दोन लवंगा, गवती चहाची पात, लिंबाची आणि संत्र्याची साल, शेपूची काडी, मिळाली तर कैरीची फोड. आधी कपाचा वास, मग वाट्यांवरून नाक फिरवायचे, मग पुन्हा कप.

हा काही मनाचा खेळ नाही. धन्याच्या तेलात मुख्य घटक लिनलूल आहे आणि हॉप्समध्ये फुलासारखा गोडसर वास ज्यांमुळे येतो, त्यांतलाही एक लिनलूलच. मिऱ्यात आणि लवंगेत कॅरियोफिलीन असते, ते हॉप्सच्या तेलातही असते. साझसारख्या जुन्या युरोपीय जातींत जो मसालेदारपणा म्हणतात तो मला मिऱ्याच्या वाटीनंतरच पहिल्यांदा स्पष्ट जाणवला. सोराची एस या जपानमध्ये तयार झालेल्या जातीत लिंबाबरोबर शेपूचा वास येतो. आपल्याकडे शेपूची भाजी खाल्लेल्या माणसाला तो हुडकावा लागत नाही, कपाजवळ नाक नेताच तो समोर उभा राहतो.

गेल्या वर्षी आई धुळ्याहून आमच्याकडे आली होती. ती बीअरला कधी हात लावणार नाही, पण चहात मद्यार्क नसतो हे सांगितल्यावर कुतूहलाने टेबलाशी बसली. मी तिला काहीच सांगितले नव्हते. कॅस्केडचा कप तिने दोनदा हुंगला, बाजूला ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाली, "ह्याला रोशाच्या तेलाचा वास येतोय गं. माझे आजोबा गुडघ्याला लावायचे ते." रोशा गवत खानदेशात पूर्वीपासून माहीत आहे. त्याच्या तेलात मुख्यत्वे जिरॅनिऑल असते आणि कॅस्केडमध्येही जिरॅनिऑल जाणवण्याइतके असते. इतकी वर्षे मी त्या कपाला 'फुलांसारखा' एवढेच म्हणत होते. त्या दिवसापासून माझ्या वहीत कॅस्केडपुढे 'रोशा' असे लिहिलेले आहे, आणि कुठल्याही बीअरमध्ये कॅस्केड असले तर मला ते त्या एका शब्दाच्या आधाराने सापडते.

तेव्हा वही ठेवा, मराठीत लिहा, आणि लिहिताना घाई करू नका. जातीचे नाव कपाच्या तळाशी चिकटवा म्हणजे वास घेताना दिसणार नाही. थोडी तयारी झाली की तीन कपांची परीक्षा घ्या: दोन कप एका जातीचे, एक दुसऱ्या जातीचा, आणि घरातल्या कोणीतरी ते फिरवून मांडायचे. वेगळा कप कोणता हे तुम्ही ओळखायचे. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतेच, म्हणून एकदा जमले यावर समाधान मानू नये. सलग पाच वेळा बरोबर आले तर मात्र ते नशिबाने येण्याची शक्यता २४३ मध्ये एक एवढीच उरते. मला कॅस्केड आणि सित्रा सलग पाच वेळा वेगळे काढायला तीन महिने लागले. सित्रात कॅस्केडपेक्षा पिकलेल्या फळाचा, लिची आणि आंब्याकडे झुकणारा भाग पुष्कळ अधिक असतो. पण थंड कपात तो हिरव्या वासाखाली दबतो आणि ७० अंशांच्या कपात वर येतो, हे मला खूप उशिरा कळले.

एका बैठकीला तीन कपांच्या पुढे जाऊ नका. मध्ये साधे पाणी आणि पोळीचा कोरडा तुकडा घ्या.


इसारकाठ:

मी म्युनिकजवळ फ्रायझिंगमध्ये राहतो. हालरटाऊ हा हॉप्सचा प्रदेश इथून जवळ आहे आणि ऑगस्टच्या अखेरीस तिथे सात मीटर उंचीच्या तारांवरून वेली उतरवतात, ते पाहायला मी दरवर्षी जातो. चहाचे प्रयोग मीही भरपूर केले. वरच्या दोघांचा अनुभव मला मान्य आहे, पण मूळ प्रश्नातल्या तिसऱ्या भागाला अजून उत्तर मिळालेले नाही: चहात जाणवते ते बीअरमध्ये तसेच येते का? माझे उत्तर असे की बऱ्याचदा येत नाही, आणि हे आधीच माहीत असले तर निराशा टळते.

पहिले कारण यीस्ट आहे. आंबण्याच्या काळात यीस्ट हॉप्समधल्या सुगंधी द्रव्यांवर काम करते. वर ज्या जिरॅनिऑलचा उल्लेख आला, त्याचा काही भाग यीस्ट सिट्रोनेलॉलमध्ये बदलते, आणि गुलाबाकडे झुकणारा वास लिंबाकडे सरकतो. दुसरे म्हणजे, हॉप्समध्ये गंधक असलेली काही द्रव्ये असतात, त्यांना थायोल म्हणतात. लिटरमध्ये नॅनोग्रॅम इतकी अल्प मात्रा असली तरी ती नाकाला कळतात आणि पॅशनफ्रूट, पेरू, ब्लॅककरंट असे वास त्यांच्यामुळे येतात. त्यांतला बराच भाग हॉप्समध्ये बांधलेल्या रूपात असतो आणि तो मोकळा होण्यात यीस्टचा वाटा असतो. चहात यीस्ट नसल्यामुळे हा भाग बंदच राहतो. तिसरे कारण मद्यार्क: सुगंधी तेले नुसत्या पाण्यापेक्षा पाच टक्के मद्यार्क असलेल्या द्रवात अधिक चांगली उतरतात. शिवाय बीअरमध्ये माल्टचा गोडवा असतो, त्यामुळे तोच कडवटपणा पाण्यात असह्य आणि बीअरमध्ये सुखद वाटतो.

म्हणून चहाच्या पुढची पायरी मी अशी सुचवेन. अगदी सौम्य, हॉप्स जवळजवळ न जाणवणारी लागर बीअर घ्या. ३३० मिलिलिटरची थंडगार बाटली उघडा, एक ग्रॅम गोळ्या टाका आणि ताबडतोब नवे बूच बसवा. बाटली अगदी थंड नसेल तर गोळ्या पडताच फेस उसळून अर्धी बीअर टेबलावर येते. माझी पहिली बाटली अशीच गेली आणि भिंतीवरचा हिरवा डाग पुन्हा रंग देईपर्यंत राहिला. त्यानंतर मी गोळ्या आधी कागदाच्या चोंग्यात भरून ठेवतो आणि एका झटक्यात आत सोडतो. बाटली तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, रोज एकदा हलकेच उलटी करा, मग उघडून कॉफीच्या कागदातून पेल्यात गाळा. एक बाटली काही न घालता नुसती उघडून पुन्हा बूच लावून ठेवा. उघडण्यामुळे चवीत जो बदल होतो तो हॉप्सच्या नावावर जमा होऊ नये, एवढ्यासाठी ती लागते.

यातही यीस्टचे काम येत नाही, पण मद्यार्क, सामू आणि माल्ट हे तिन्ही खऱ्या बीअरसारखे मिळतात. आम्ही दोघा-तिघा मित्रांनी हालरटाऊ मिटेलफ्रू या जातीचा चहा आणि अशी बाटली शेजारी ठेवून प्यायली. चहात वाळलेले गवत आणि थोडी माती एवढेच जाणवले होते. बाटलीत मात्र हलकी फुले आणि मिऱ्याचा मंद चटका स्पष्ट होता. केवळ चहावर विसंबून राहिलो असतो तर ती जात मी कधीच निवडली नसती.


मुळामुठा:

मी पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत काम करतो. इथे परवान्याशिवाय घरी बीअर करणे कायद्यात बसत नाही, त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकांनी या धाग्यातला यीस्टचा भाग माहितीपुरताच ठेवावा. हॉप्सचा चहा मात्र कोणीही करू शकतो, आणि आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात आम्ही तोच करायला लावतो. हॉप्स आपल्याकडे अगदी परके नाहीत. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्यांची शेती होते.

लिहिण्याचे मुख्य कारण वेगळे आहे. बीव्हर्टनकर, आपण गाळ परसातल्या झाडांना घातला असे लिहिले आहे. घरात किंवा शेजारी कुत्रा असेल तर कृपया असे पुन्हा करू नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. पोटात गेले तर अंगाचा ताप झपाट्याने चढतो आणि जीव जाऊ शकतो. वापरलेला, उकळलेला गाळसुद्धा धोकादायक असतो. तो पिशवीत बांधून झाकणाच्या कचरापेटीत टाकावा.


बीव्हर्टनकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुळामुठा, आपले विशेष आभार, कारण आमच्याकडे चार वर्षांची लॅब्राडोर आहे आणि ही गोष्ट मला खरोखर माहीत नव्हती. आपले उत्तर वाचल्याबरोबर परसात जाऊन झाडांच्या बुडातली वरची माती खरवडून काढली आणि पिशवीत बांधून टाकली. कुत्री व्यवस्थित आहे.

मागच्या शनिवारी आणि रविवारी सांगितल्याप्रमाणे प्रयोग केला. दागिन्यांचा काटा आणला, लिंबूसत्त्व घरात होतेच. कॅस्केडचे तीन कप शेजारी ठेवले आणि पत्नीला काही न सांगता वास घ्यायला बोलावले. तिने मधल्या कपाला "पपनस सोलताना बोटांना येतो तो वास" असे म्हटले. पहिल्या उत्तरात पपनसाचा उल्लेख आहे हे तिने वाचलेले नव्हते. उकळलेला कप तिने एक घोट घेऊन परत केला. मी तो पूर्ण प्यायलो आणि पहिल्यांदाच कळले की वास आणि कडवटपणा हे हॉप्समधून वेगवेगळ्या वाटांनी येतात. आठ घाणे करूनही हे मला फक्त वाचून माहीत होते. कॅस्केड ही जात आमच्याच राज्यात, कॉर्व्हॅलिसला तयार झाली आणि १९७२ मध्ये बाहेर आली, हे आता अधिक आपुलकीने वाचले.

दुसऱ्या दिवशी ७० अंशांच्या पद्धतीने सित्रा, साझ आणि गोल्डिंग्ज केले. धुळ्याची_लेक यांच्या सांगण्यावरून वाट्या मांडल्या. साझच्या कपात मिरे लगेच सापडले नाहीत. मला ओल्या गवताच्या गंजीचा वास आला आणि तसाच वहीत लिहिला. सित्रात आंबा नक्की होता, पण पायरीचा किंवा हापूसचा नव्हे. अढीत ठेवलेल्या, अजून न पिकलेल्या आंब्याचा, देठाजवळच्या चिकासकट येतो तसा. बाटलीचा प्रयोग येत्या आठवड्यात करणार आहे आणि त्यासाठी चोंगा आधीच करून ठेवला आहे.

दोन शंका उरल्या आहेत. एक, गोल्डिंग्जच्या कपाला जुन्या चीजसारखा, घामट मोज्यांसारखा वास आला. त्या जातीचा वासच तसा असतो का? पाकीट सहा महिन्यांपूर्वी उघडले होते आणि क्लिप लावून ठेवले होते. फ्रीझरमध्ये ते याच महिन्यात गेले. दोन, मॅग्नमच्या चहात मला काहीच विशेष आढळले नाही. तो कडवटपणासाठी वापरतात हे ठाऊक आहे, तर उकळलेल्या कपावरून किती घालायचा ते ठरवता येईल का?


पगेट_साउंड:

आपण लिहिलेले 'देठाजवळचा चीक' हे वर्णन वाचून मी आजच सित्राचा कप केला, आणि तो वास खरोखर आहे. माझ्या वहीत ते शब्द नव्हते, आता आहेत.

गोल्डिंग्जचा वास तसा नसतो. ताज्या ईस्ट केंट गोल्डिंग्जमध्ये मध, वाळलेले गवत आणि हलकी फुले जाणवतात. आपल्या पाकिटात हवा शिरली आहे. हवेशी संयोग होऊन हॉप्सची राळ जुनी होते तेव्हा आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होते आणि त्याचाच तो चीजसारखा वास. क्लिपने हवा अडत नाही. उघडलेले पाकीट हवा काढून सीलबंद करावे आणि त्याच दिवशी फ्रीझरमध्ये ठेवावे. चहाचा हा आणखी एक उपयोग समजा: एक ग्रॅम खर्चून आपल्याला जे कळले, ते न कळता तेच पाकीट १९ लिटरच्या घाण्यात गेले असते.

मॅग्नमचे प्रमाण चहावरून ठरवू नका. पाण्याचा सामू, गोडव्याचा अभाव आणि उकळण्याची वेळ यांमुळे पाण्यातला कडवटपणा आणि बीअरमधला कडवटपणा यांचा ताळा बसत नाही. तिथे हिशेबच कामाला येतो. पाकिटावर अल्फा आम्ल १२ टक्के लिहिले असेल, तर एक ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅम अल्फा आम्ले असतात. वर्ट तासभर उकळल्यावर साधारण पाव भाग बदलून बीअरमध्ये उतरतो असे धरले, तर लिटरमागे एक ग्रॅम मॅग्नममुळे लिटरला ३० मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ले मिळतात, म्हणजे कडवटपणाची सुमारे ३० एकके. आपल्या १९ लिटरला १९ ग्रॅम घातले की नेहमीच्या पेल एलच्या जवळ जाल. मग उकळी संपल्यावर आच बंद करून, वर्ट ८० अंशांच्या खाली आले की कॅस्केड घाला, झाकण ठेवा आणि वीस मिनिटांनी थंड करायला घ्या.

गोल्डिंग्जचे ते पाकीट बांधूनच टाका, आणि पेटीचे झाकण लॅब्राडोरला उघडता येत नाही ना, ते एकदा पाहा.